काळा दोरा

जीप भावानं उचलली. चार इंच.
मडगावहून पाटे आणले, जाड, कोरे,
आणि दारात उभी केली तेव्हा
कोंबड्या तिच्या पोटाखालून मान न वाकवता गेल्या.
मग तो बोटीवर परत गेला
आणि ती उंची माझ्या वाट्याला आली.

मी गुरांकडे जाते. आडिवऱ्यापासून
सड्यावरच्या धनगरवाड्यांपर्यंत.
मागे दोरीनं आवळलेला नायट्रोजनचा डबा,
त्याच्या धुरकट गारठ्यात
निळ्या-पिवळ्या कांड्यांमध्ये
न जन्मलेली वासरं, रेडकं.
डबा कलंडला तर कुणाचं तरी अख्खं वर्ष सांडतं.

कातळावर रस्ता नसतो, सवय असते.
मागचं चाक खळग्यात लोंबायचं
आणि टक्.
शॉक संपायचा. जुना, आखूड,
जीप बुटकी होती तेव्हाचा.
दाव्याला हिसका देणाऱ्या पाड्यासारखं
अख्खं धूड त्या एका दांड्याला लटकायचं.
तिसऱ्या महिन्यात डावा कान उपटून आला.
जांभ्यानं तेल पिऊन टाकलं, डागही ठेवला नाही.

कोल्हापूरचा दुकानदार फोनवर म्हणाला,
कडक देऊ की मऊ? लाल की पिवळा?
गॅसवाले घ्या मॅडम, आत नायट्रोजन असतो.
म्हटलं, तो माझ्याकडे आहे.

साखरी नाट्याला दिलावर सोलकर
होड्यांची इंजिनं उघडतो, अधूनमधून जीपही.
त्यानं रंग विचारला नाही. टेप काढला.
चिऱ्यांचा चढ रचला, एक चाक वर चढवलं.
जीप तिरकी,
भिंतीपाशी पाय वर केलेल्या कुत्र्यासारखी, लाज सोडून.
लोंबत्या बाजूला, डोळ्यापासून डोळ्यापर्यंत: चोवीस.
दबल्या बाजूला: साडेचौदा.
खडूनं दारावरच लिहिलं.

'लांब शॉक सगळेच मागतात, बाय.
उघडतो किती ते बघतात.
मिटतो किती, कोण बघतो?'

त्याच्याकडचा उघडून पंचवीस, मिटून पंधरा.
धुरा साडेचौदाला येणार,
शॉक पंधराच्या खाली जाणार नाही.
त्या अर्ध्या इंचात, म्हणाला,
एक तर दांडा वाकतो नाही तर चासी फाटते.
म्हणून बंपस्टॉप खाली घ्यायचा.
धुऱ्याला आधी रबर भेटलं पाहिजे.

पहिल्यांदा दोन इंची ठोकळा लावला, माझ्याच हट्टानं.
घरी येईस्तोवर प्रत्येक खळीत बरगडीत गुद्दा.
एवढी उचललेली गाडी
आणि तिला बसायला जागा नाही.
दुसऱ्या दिवशी परत. दिलावर हसला नाही,
चहा मागवला.
ट्रॉलरच्या इंजिनाखालचं जुनं रबर
सुरीला पाणी लावून कापलं, सव्वा इंच,
वास बांगड्याचा.

शेवटी खिशातून काळा दोरा काढला,
शॉकच्या चकचकीत दांड्याला
खाली, नळीच्या तोंडाशी आवळून बांधला.
'शॉक दबला की नळी ह्याला वर ढकलते.
हा तिथंच राहतो. आठवडाभर फीर, मग ये.
आणि दांडा पूस रोज. खारं वारं चावतं त्याला.'

आठवडाभर फिरले.
सड्यावर ठकूबाई झोरेनं वाकून पाहिलं,
'गाडीला पण दीठ लागते व्हय?'
मी हो म्हटलं. समजावत बसायला वेळ नव्हता,
तिची गाय सकाळपासून हंबरत होती,
आणि माजाला घड्याळ असतं.
हातमोजा चढवला, डबा उघडला,
पांढरी वाफ गवतावरून सरपटत गेली.

येताना ओढ्यातला तो मोठा दगड
अंधारात दिसलाच नाही.
जीप बसली. खोल, खोल,
रबराचा एक दबका हुंकार,
आणि उठली.
डबा तसाच, उभा.

घरी कंदील धरून जीपखाली शिरले.
दोरा वर सरकलेला, तेलकट,
त्याच्या वर दांडा कोरा:
एक बोट.

गाय लागली की नाही
ते तीन महिन्यांनी कळेल.
मी दोरा खाली ओढून पुन्हा तोंडाशी आणला,
फडक्यानं मीठ पुसलं.